भाऊंचा सर्व्हे

"साहेब, खुर्ची जरा खाली घ्या."

भाऊंच्या तोंडून ऐकलेलं हे पहिलं वाक्य. तेव्हा मी गोविंदपुऱ्यातल्या आमच्या ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात नुकतीच रुजू झाले होते. नवऱ्याची बदली पुण्याहून भोपाळला झाली, मागोमाग मीही आले, आणि इथे एचआरमध्ये नोकरी मिळाली. त्या दिवशी पगारवाढीची बोलणी होती. प्लँट हेडच्या केबिनमध्ये मी कोपऱ्यात बसले होते. दार उघडून एक बुटके, सावळे, पांढऱ्या मिशांचे गृहस्थ आत आले. अंगात कारखान्यातला कामाचा एकसंध पोशाख, खाकी डांगरी, कोपरापर्यंत दुमडलेल्या बाह्या. नमस्कार करून ते समोरच्या खुर्चीवर बसले, मान वर करून साहेबांकडे पाहिलं, आणि पंख्याचा वेग कमी करायला सांगावं इतक्या सहजपणे हे वाक्य बोलले.

मला वाटलं, आता भडका उडणार. पण साहेबांनी निमूटपणे खुर्चीखालचा दांडा ओढला. फुस्स असा आवाज झाला आणि साहेब हळूहळू खाली येत भाऊंच्या डोळ्यांसमोर थांबले.

"हां. आता बोला," भाऊ म्हणाले.

नंतर कँटीनमध्ये मी त्यांना विचारलंच. चहा बशीत ओतत ते म्हणाले, "साहेबाची खुर्ची वर-खाली होते ना ताई, आपली नाई होत. मग ज्याची होते त्यानंच व्हावं खाली. यात भांडणाचं काय आहे?"

भाऊ आमच्या कामगार युनियनचे सेक्रेटरी. नोकरी वाइंडिंग शॉपमध्ये, म्हणजे जिथे तांब्याची तार गुंडाळून कॉइल तयार होते तिथे. त्यांचं खरं नाव युनियनच्या लेटरहेडवर होतं, पण ते घेऊन त्यांना कोणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. हिंदी बोलणारी, उर्दूच्या वळणाने बोलणारी, सगळीच माणसं त्यांना भाऊच म्हणत. वडील वर्ध्याकडचे, सरकारी ऑफिसबरोबर भोपाळला आलेले. भाऊंचं बालपण टी. टी. नगरच्या क्वार्टरमध्ये गेलं. त्यामुळे बाहेर अस्सल भोपाळी हिंदी आणि घरात वर्ध्याची मराठी. माझं पुणेरी मराठी ऐकून पहिल्या दिवशी ते म्हणाले होते, "ताई, तुम्ही बातम्या दिल्यासारखं बोलून राहिल्या. जरा सैल सोडा."

युनियनचा पुढारी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर जे चित्र होतं, त्यातलं काहीच या माणसात नव्हतं. आवाज बारीक, जवळजवळ बायकी. घोषणांचा तर त्यांना तिटकाराच होता. गेट मीटिंगला कोणी "मुर्दाबाद" सुरू केलं की भाऊ हात वर करून त्याला थांबवत. "ओरडलं की पोट भरल्यासारखं वाटते बाप्पा," ते म्हणत. "मग माणूस घरी जाऊन झोपते. मागणी तशीच राहते." आमच्या गेट मीटिंगा त्यामुळे एखाद्या शोकसभेसारख्या शांत असायच्या. रस्त्यावरून जाणारे लोक थांबून विचारत, कोण गेलं?

कागदाबद्दलही त्यांचा एक हट्ट होता. परिपत्रक असो, करार असो, नाहीतर मराठी मंडळाच्या सहलीचं निमंत्रण असो, त्यांच्यासमोर ते कोणीतरी मोठ्याने वाचायला हवं. त्यांना वाचता येत नव्हतं असं मुळीच नाही. चांगल्या तीन भाषा वाचायचे. पण डोळे घाई करतात, तोंडाला तशी घाई करता येत नाही, असं त्यांचं म्हणणं. एकदा सुट्ट्यांबद्दलचं परिपत्रक मी त्यांच्यासमोर वाचू लागले आणि तिसऱ्या ओळीवर मलाच हसू फुटलं. आम्ही सगळ्यांना दिवाळीच्या दुसऱ्या दिवशी कामावर बोलावून, त्याच दिवशी कारखाना बंद राहील असंही कळवलं होतं. चार जणांनी सह्या केलेला कागद होता तो.

आणि प्रश्न विचारायची त्यांची तऱ्हा. भाऊ प्रश्न विचारत आणि थांबत. आपण सगळेच थांबतो, पण आपलं थांबणं फार तर एका श्वासाचं. भाऊ आरामात थांबत. समोरचा अवघडला, खाकरला, त्याने विषय बदलला, तरी त्यांचा चेहरा तसाच, पाहुणचाराची वाट पाहणाऱ्या पाहुण्यासारखा. कँटीनच्या ठेकेदाराला त्यांनी एकदा विचारलं, "ये दाल आप घर पे खाते?" ठेकेदार गॅसच्या सिलिंडरबद्दल बोलला, कांद्याबद्दल बोलला, आपल्या आईच्या गुडघ्यांबद्दल बोलला. भाऊ थांबलेलेच. शेवटी तो म्हणाला, "नहीं भाऊ." "बस्स," असं म्हणून भाऊ उठले. दुसऱ्या दिवसापासून डाळ बरीच दाट झाली.

कोलार रोडला त्यांनी घर बांधलं होतं. गच्चीवर मोठमोठ्या कुंड्यांत वांगी लावलेली. ही वांगी ते सगळीकडे वाटत, आणि ज्याच्याशी भांडण चालू असेल त्याच्याकडे हटकून नेत. संपाची नोटीस दिली त्या संध्याकाळी स्कूटरला पिशवी लटकवून हे प्लँट हेडच्या बंगल्यावर हजर. साहेब पिशवीकडे पाहत राहिले. भाऊ म्हणाले, "भांडण कारखान्याचं हाय साहेब. वांगं घरचं हाय." साहेबांच्या पत्नी दक्षिणेकडच्या. पुढच्या रविवारी आमच्या वहिनी, म्हणजे भाऊंच्या पत्नी, त्यांच्या स्वयंपाकघरात भरली वांगी शिकवायला गेल्या. संप झाला नाही. तो वांग्यांमुळे टळला असं मी म्हणणार नाही, पण पुढच्या बैठकीत साहेबांनी खुर्ची आपण होऊन खाली घेतली हे मी पाहिलेलं आहे.

मग मर्जरची बातमी आली.

गुजरातमध्ये मोठा कारखाना असलेली एक कंपनी आम्हाला आपल्यात सामावून घेणार होती. आमच्या मालकांना वय झाल्यामुळे धंदा सोडायचा होता, त्यामुळे यात आश्चर्य काही नव्हतं. पण सहाशे-सातशे माणसांच्या कारखान्यात अशी बातमी आली की रोजच्या गोष्टींना वेगळाच अर्थ येतो. पाण्याचा कूलर बदलला तर लोक म्हणायचे, बरं दिसतंय. दिवा गेला तर म्हणायचे, आता काही खरं नाही.

नव्या कंपनीने पहिलं काम काय केलं, तर सर्व्हे पाठवला. कँटीनच्या भिंतीवर पोस्टर लागलं. मोबाइलने चौकोनी खूण टिपायची, आपला एम्प्लॉई कोड टाकायचा आणि प्रश्नांची उत्तरं द्यायची. उत्तरं द्यायला पाच चेहरे होते. डावीकडचा रडका, उजवीकडचा खदखदून हसणारा. सगळ्यात वर लिहिलं होतं, 'आपली उत्तरं पूर्णपणे गोपनीय राहतील.' हे सगळं पार पाडायची जबाबदारी माझी.

भाऊ त्याच दुपारी माझ्या टेबलाशी आले. त्यांच्या मागे त्यांची जॉइंट सेक्रेटरी सुनीता होती. ही वाइंडिंग शॉपमधलीच, तिशीतली, नागपूरकडच्या मराठी कुटुंबातली पण भोपाळमध्येच वाढलेली. भाऊंनी तिला कामही शिकवलं होतं आणि युनियनही. तिला ते पोरी म्हणत.

"ताई, हे गोपनीय हाय तर कोड कायले मागते?"

"एकाने दोनदा भरू नये म्हणून, भाऊ. नाव कोणी बघणार नाही असं ते म्हणतात."

भाऊ थांबले. मी पेन उघडलं, बंद केलं. खिडकीबाहेर पाहिलं. शेवटी मीच म्हणाले, "मलाही पटलेलं नाही. मी वर लिहून विचारते."

विचारलं. उत्तर आलं की ही नेहमीची पद्धत आहे.

"मग बहिष्कार टाकू," सुनीता म्हणाली. "कोणीच नाही भरायचं."

"म्हणजे ते म्हणतील युनियन मर्जरच्या विरोधात हाय," भाऊ म्हणाले. "भरू द्या. पण मोठ्यानं वाचून, विचार करून भरा म्हणा."

मोठ्याने कोण वाचणार? जेवणाच्या सुट्टीत, हातात पोळी आणि डाव्या अंगठ्याखाली मोबाइल, असं लोकांनी ते उरकलं. सलीमभाई म्हणून जुन्या भोपाळातले एक क्रेन ऑपरेटर होते. मी त्यांना विचारलं, प्रश्न नीट वाचले का? ते अस्सल भोपाळी थाटात म्हणाले, "को खां मॅडम, रोता मुँह कौन दबाएगा? कोड तो मेरा ही है ना!" आणि एकामागून एक हसरे चेहरे दाबत गेले.

निकाल आला. सगळ्या युनिटांमध्ये भोपाळ सर्वांत आनंदी. नव्या कंपनीने खूश होऊन केक पाठवला, एवढा मोठा की तो उचलायला दोन माणसं लागली. त्यावर तोच हसरा चेहरा काढलेला. भाऊंना केक फार आवडायचा. त्यांनी हसऱ्या चेहऱ्याचा एक डोळा मागून घेतला आणि मन लावून खाल्ला.

केकचं क्रीम अजून लोकांच्या जिभेवर असेल नसेल, तोवर दुसरा निरोप आला. वाइंडिंग शॉप भोपाळहून हलवून गुजरातच्या कारखान्यात न्यायचा विचार आहे, आणि भोपाळच्या कामगारांनी बदलीसाठी उत्साह दाखवल्याबद्दल कंपनी त्यांची आभारी आहे.

उत्साह कधी दाखवला? मी सर्व्हे उघडून पाहिला. मधेच कुठेतरी एक वाक्य होतं, 'कंपनीच्या गरजेनुसार कोणत्याही ठिकाणी काम करायला मी उत्सुक आहे.' त्यापुढे जवळजवळ सगळ्यांनी सगळ्यात हसरा चेहरा दाबला होता.

संध्याकाळी पाळी सुटल्यावर लोक युनियनच्या खोलीत घुसले. खोली लहान, माणसं दारातून बाहेर रस्त्यापर्यंत. मीही गेले, कारण खुलासा माझ्याकडेच मागितला जाणार होता. कोणी म्हणत होतं फसवणूक झाली, कोणी म्हणत होतं कोर्टात जाऊ. ज्यांची मुलं दहावी-बारावीत होती, ज्यांचे म्हातारे आईबाप घरी होते, ज्यांनी कोलार रोडला नुकतीच घरं घेतली होती, त्यांचे चेहरे बघवत नव्हते. भाऊंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "हँसता चेहरा किस किसने दबाया?"

आणि थांबले.

सलीमभाई छताकडे पाहायला लागले. सुनीता ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

"मैंने भी दबाया," भाऊ म्हणाले.

सगळ्यांच्या माना त्यांच्याकडे वळल्या.

"मले बी भीती वाटली," ते माझ्याकडे वळून मराठीत म्हणाले, आणि मग सगळ्यांसाठी हिंदीत, "कोड तो मेरा भी था भाई. इतने साल की लीडरी, और उँगली अपने आप हँसते वाले पे चली गई."

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. त्या हसण्यात राग थोडा निवळला, आणि भाऊंनी तेवढ्यात आपला बेत सांगितला. कोर्ट नाही, संप नाही. नव्या कंपनीच्या संचालकांना भोपाळला बोलवायचं आणि त्यांचाच सर्व्हे पुन्हा घ्यायचा. मोबाइलशिवाय, कोडशिवाय. सगळ्यांसमोर, मोठ्याने वाचून.

प्लँट हेड घाबरले. सातशे माणसांसमोर संचालकांना उभं करायचं म्हणजे काही कमी-जास्त झालं तर? म्हणून फोन मी केला. संचालक वयाने माझ्याएवढेच, बोलायला मोकळे. मी म्हटलं, सर, त्यांची मागणी एवढीच आहे की तुम्ही तुमचा एक प्रश्न तुमच्या तोंडाने त्यांना विचारावा. घोषणा होणार नाहीत याची खात्री मी देते, कारण इथल्या पुढाऱ्यालाच त्या चालत नाहीत. ते थोडे हसले. म्हणाले, "पुढच्या आठवड्यात येतो."

कँटीनमध्ये टेबलं भिंतीला लावली होती. वाइंडिंग शॉपची माणसं पुढे खुर्च्यांवर, बाकीची मागे आणि खिडक्यांत. सकाळच्या पोह्यांचा आणि शेवेचा वास अजून हवेत होता. भाऊंनी नियम सांगितले. उत्तर 'हो' असेल तर उभं राहायचं, 'नाही' असेल तर बसून राहायचं. कोणी कोणाकडे पाहायचं नाही, कोणी कोणाला ओढायचं नाही.

मग त्यांनी आपली खुर्ची उचलली, ती लोकांकडे पाठ करून ठेवली आणि भिंतीकडे तोंड करून बसले.

संचालकांनी चमकून विचारलं, "आप ऐसे क्यों?"

"मेरे डर से कोई बैठा न रहे साहब," भाऊ म्हणाले. "आप पूछिए."

संचालकांनी तो प्रश्न हिंदीत मोठ्याने वाचला. वाचताना त्यांनाही तो ऐकू आला असावा, कारण 'कोणत्याही ठिकाणी' या शब्दांवर ते जरासे अडखळले. वाचून झालं. कोणी उठलं नाही. एकही खुर्ची वाजली नाही. वर पंखे फिरत होते. संचालक समोरच्या रांगेकडे पाहत राहिले, मग हातातल्या कागदाकडे, मग पुन्हा रांगेकडे. त्यांनी घाई केली नाही, हे मला आवडलं.

"समझ गया," ते अखेर म्हणाले. "पर एक सवाल मैं अपना पूछूँ?"

"आपका हक है," भाऊ भिंतीकडे पाहतच म्हणाले.

"मजबूरी किसी की नहीं. वहाँ नई मशीनें हैं, ट्रेनिंग है. घर का इंतज़ाम हम करें, बच्चों के स्कूल का भी. फिर कोई अपनी मर्ज़ी से आना चाहेगा?"

भाऊंच्या खांद्यांवरून मला कळत होतं की ते निश्चिंत आहेत. या उत्तराचीही त्यांना खात्री होती. एवढ्यात एक खुर्ची मागे सरकली. लोखंडी पाय फरशीवर घासल्याचा लांबलचक आवाज झाला. मग दुसरी. मग मागून दोन-तीन एकदम.

भाऊ वळले नाहीत. मी जवळच उभी होते. अगदी हळू आवाजात त्यांनी मला मराठीत विचारलं, "ताई, कोण हाय?"

उभी राहिलेली बहुतेक तरुण मुलं होती. पण सगळ्यात आधी उभी राहिली होती ती सुनीता.

मी नाव सांगितलं. भाऊंनी मान हलवली, ऐकलं एवढंच सांगणारी. ते भिंतीकडे पाहत तसेच बसून राहिले. संचालक पुढे बरंच बोलले, लोकांनी टाळ्याही वाजवल्या, कारण सक्तीची बदली होणार नाही असं त्यांनी तिथल्या तिथे जाहीर केलं होतं. युनियन जिंकली होती. सलीमभाई भाऊंना मिठी मारायला धावले. भाऊंनी मिठी मारून घेतली, पण त्यांचे हात खालीच होते.

दुसऱ्या दिवशी ते कँटीनमध्ये दिसले नाहीत. तिसऱ्या दिवशी माझ्या टेबलाशी आले आणि न सांगता बसले.

"पोरीनं आधी सांगायला पायजे होतं," ते म्हणाले. "कालपावेतो माझ्याबरोबर गेटवर उभी होती. मले सांगायला काय झालं होतं तिले?"

"तुम्ही तिला विचारलं होतं का, भाऊ?"

हे विचारून मी थांबले. मुद्दाम नाही, पुढे काय बोलावं तेच मला सुचेना. भाऊंनी टेबलावरचा पेपरवेट फिरवला. बाहेर क्रेनचा भोंगा वाजला.

"नाई," ते म्हणाले. "सगळ्या कारखान्याले विचारलं. तिले नाई विचारलं." मग पेपरवेट जागेवर ठेवत, "मले वाटलं, मले ठाऊक हाय."

त्या संध्याकाळी ते सुनीताच्या घरी गेले. काय बोलणं झालं ते मला सुनीतानेच नंतर सांगितलं. ती म्हणाली, "मॅडम, मी रडायलाच लागले. म्हटलं, भाऊ, मला नवीन मशीन शिकायचीये. इथे पंधरा वर्ष हाताने कॉइल गुंडाळली, आता बोटं दुखतात. आणि सासरी आम्ही नऊ जणं दोन खोल्यांत राहतो. तिकडे क्वार्टर मिळतंय. तुम्हाला सांगितलं असतं तर तुम्ही नाही म्हटलं नसतं, पण तुमचं तोंड उतरलं असतं. ते मला बघवलं नसतं." भाऊ यावर म्हणाले म्हणे, "ते तर तसंबी उतरलंच ना." आणि मग दोघं हसली.

पुढच्या बोलण्यांमध्ये भाऊ जितक्या चिवटपणे वागले तितक्या चिवटपणे वागताना मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं, आणि ते बहुतेक सगळं जाणाऱ्यांसाठी होतं. क्वार्टर आधी दाखवायचं, मग बदली. मुलांचे शाळाप्रवेश कंपनीने करून द्यायचे. वर्षभरात मन लागलं नाही तर परत भोपाळला यायची मुभा. राहणाऱ्यांसाठी वाइंडिंग शॉपचा अर्धा भाग इथेच ठेवायचा आणि जुन्या ट्रान्सफॉर्मरच्या दुरुस्तीचं काम इथे आणायचं. संचालकांनी बहुतेक मान्य केलं. करार मी मोठ्याने वाचला. एका कलमावर भाऊंनी मला तीनदा थांबवलं, आणि तिन्ही वेळा तिथे एखादा 'शक्यतो' होता.

जायचा दिवस आला तेव्हा मीही स्टेशनवर गेले. राणी कमलापती असं त्याचं नवं नाव, पण आम्ही सगळे अजून हबीबगंजच म्हणतो. दुपारचं ऊन होतं. सुनीता, तिचा नवरा, दोन मुली आणि सामानाचा डोंगर. भाऊंनी डब्यात चढून बर्थ तपासले, पंखा लावून पाहिला, शेजारच्या प्रवाशाची चौकशी केली. मग खाली उतरून त्यांनी सुनीताला आपल्या मोबाइलवरून एक नंबर पाठवला.

"हा तिकडच्या युनियनच्या सेक्रेटरीचा. मी बोललो त्याच्याशी."

मला आश्चर्य वाटलं. मर्जरनंतर दोन्ही युनियन एक होणार होत्या, तिकडची मोठी होती, आणि भाऊंचं पद जाणार हे उघड होतं. त्या सेक्रेटरीशी तोवर भाऊ कामापुरतंही बोलायला तयार नसत.

"काय बोललात?" मी विचारलं.

"म्हटलं, माझी माणसं येऊन राहिली. चांगली हायेत. तुम्हाले त्रास देतील, देऊ द्या."

गाडी हलली. सुनीताच्या धाकट्या मुलीने खिडकीतून हात बाहेर काढला, आईने तो आत ओढला. भाऊ फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेले आणि तिथून सावकाश परत आले. डोळे लाल होते, पण चेहरा मोकळा. म्हणाले, "चला ताई, भूक लागली."

दोन्ही युनियन एक झाल्या. भाऊ साधे सभासद झाले. ज्या दिवशी ते ठरलं, त्या दिवशी त्यांनी युनियनच्या खोलीबाहेरचा फलक स्वतः उतरवला, ओल्या फडक्याने पुसला आणि कँटीनवाल्याला देऊन टाकला. आता त्यावर रोजची भाजी लिहिलेली असते. निवृत्त होईपर्यंत उरलेला काळ ते दुरुस्तीच्या कामावर होते. लोक सवयीने त्यांच्याकडे तक्रारी घेऊन यायचे. ते ऐकायचे आणि योग्य माणसाकडे पाठवायचे. त्यांना वाईट वाटत असेल का, याचा मी बरेच दिवस अंदाज घेत होते. मला तरी ते दिसलं नाही. मिशा मात्र त्या काळात त्यांनी जरा मोठ्या वाढवल्या.

गेल्या हिवाळ्यात मी कोलार रोडला त्यांच्या घरी गेले होते. गच्चीवर ऊन खात आम्ही तिघं बसलो होतो, भाऊ, वहिनी आणि मी. वहिनी मटार सोलत होत्या. भाऊंचा फोन वाजला. त्यांना हल्ली थोडं कमी ऐकू येतं, म्हणून त्यांनी स्पीकर लावला. सुनीता होती.

"भाऊ, मी निवडून आले. सेक्रेटरी."

"कायची?"

"पूर्ण युनियनची! दोन्हीकडची मिळून. भोपाळवाल्यांनी पण मलाच मत दिलं."

भाऊंनी वहिनींकडे पाहिलं. वहिनींच्या हातातली शेंग तशीच राहिली.

सुनीता भराभर बोलत होती. मागून तिच्या मुलींचा गोंधळ ऐकू येत होता. मग तिने सांगितलं की कंपनीने रविवारी पाळी चालवायचं ठरवलंय, आणि युनियनने ते मान्य केलंय. बदल्यात आठवड्यात दुसरी सुट्टी आणि बायकांसाठी पाळणाघर.

भाऊंच्या कपाळावर आठी पडली. रविवारची पाळी हा त्यांच्या आयुष्यभराच्या विरोधाचा विषय. कितीतरी वर्षं त्यांनी आमच्या कारखान्यात रविवार कोणाला शिवू दिला नव्हता. त्यांनी तोंड उघडलं. वहिनींनी नुसतं त्यांच्याकडे पाहिलं. भाऊंनी तोंड मिटलं.

"लोकांले विचारलं होतं?" एवढंच ते म्हणाले.

"सगळ्यांना, भाऊ. पाळीपाळीत जाऊन. बायकांनाच पायजे होतं ते. पाळणाघरासाठी."

"बरं," भाऊ म्हणाले. "जेवली का?"

"आता जेवते. ठेवू?"

"ठेव."

फोन खाली ठेवून ते कठड्याशी जाऊन उभे राहिले. खाली कॉलनीतली मुलं क्रिकेट खेळत होती. मला वाटलं, रविवार त्यांच्या मनाला लागला असणार. वहिनींनाही तेच वाटलं असावं. त्या म्हणाल्या, "इतकं मोठं ठरवलं अन् तुमाले एकदा विचारलं बी नाई तिनं."

"नाई ना!" भाऊ वळले. त्यांचा चेहरा नुसता फुलला होता. "नाई विचारलं. नुसतं सांगितलं!"